नापास वाळू

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. वाळूच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. लेकीचं मात्र ऐकावं लागलं.

तिच्या बैठकीच्या खोलीत माशांची काचेची टाकी आहे, सहा वर्षं छान जमलेली. तळाशी बारीक, धारदार खडी. तळालाच राहणारा एक मिशाळ मासा त्या खडीत तोंड खुपसून खुपसून मिशा झिजवून बसला होता. मिशांनीच तो खाणं शोधतो, त्यामुळे खाणंही सुटलं.

"खडी काढून वाळू घालायला हवी," लेक म्हणाली, "नाहीतर हा जातो बघा."

"वाळूची काळजी तू सोड," म्हणत मी दुसऱ्याच दिवशी घमेलंभर वाळू आणली. मुठीत दाबली की करकर वाजणारी, सिमेंटला घट्ट धरणारी. या वाळूवर उभ्या केलेल्या माझ्या भिंती अजून ओळंब्यात आहेत.

लेकीने चिमूटभर गालावर घासून पाहिली. "बाबा, बोचतेय ही. त्याच्या उरल्यासुरल्या मिशाही जातील."

माझं डोकंच फिरलं. कालची पोर मला वाळू शिकवते! पण काचेआड तो बिचारा कोपरा धरून पडलेला. त्याच्याकडे बघता बघता लक्षात आलं, की याला हवी आहे ती मी जन्मभर नापास केलेली वाळू. गोल, गुळगुळीत, भिंतीला काडीच्या कामाची नाही अशी. तिच्या गाड्या मी दारातूनच परत धाडायचो, त्यामुळे ती कुठे मिळते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणली. सतरा पाण्यांनी धुतली. शेवटचं पाणी पेल्यात धरून दाखवलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मान डोलावली. मी सगळी एकदम ओतायला निघालो, तर तिने हात धरला.

"पाणी चांगलं ठेवणारे जंतू जुन्या खडीलाच चिकटलेले असतात, बाबा. एका वेळी एकच कोपरा. मग पंधरा दिवस थांबायचं."

ओल्या भिंतीवर घाईने मजला चढवू नये, एवढं मलाही कळतं. मी घमेलं खाली ठेवलं.

तिने एका कोपऱ्यातली खडी काढली आणि नळीतून थेट तळाशी वाळू सोडली, चिमटी चिमटीने. पाणी जरासुद्धा गढुळलं नाही. इतका हलका हात माझ्या हाताखालच्या एकाही माणसाचा नव्हता, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मिशाळ वाळूवर आला. तोंड खुपसलं, घासभर वाळू घेतली आणि कल्ल्यांतून भुरभुर सोडून दिली. पुन्हा तेच. मग वाळूतली खाण्याची गोळी शोधून गट्ट केली. लेकीने माझा दंड घट्ट धरला. एवढे मजले चढवले, पण माझी छाती अशी कधी फुगली नव्हती.

"दुसऱ्या कोपऱ्याला अजून बारा दिवस आहेत," ती म्हणाली आणि नळी माझ्या हातात दिली. "तो तुम्ही भरायचा."