पोटावर हात

“हो, रविवारी येते. नाही, घरी नाही सांगितलेलं.”

सून बाल्कनीत फोनवर बोलत होती आणि मी आत भाजी चिरत होते. सुरी थांबली तर मी ऐकतेय हे तिला कळेल, म्हणून ती नुसतीच फळीवर आपटत राहिले.

माझी सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात, तपासणीला गेली. बटण ओढून, शिवण ताणून बघितल्याशिवाय एक सदरा पुढे सोडला नाही. घरीही तेच. दूध हुंगून घ्यायचं, कुलूप लावलं की ओढून बघायचं. मुलगा तान्हा असताना जरा जास्त वेळ झोपला की त्याच्या पोटावर हात ठेवायचे, वरखाली होतंय ना म्हणून. मोठेपणी तो बायकोसमोर माझी टिंगल करायचा. डोळे मिटून पडायचा आणि म्हणायचा, “आई, ये. खात्री करून जा.”

तो मोटारसायकलवरून पडला तेव्हा मी बहिणीकडे होते. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदू गेलाय, माणूस गेलाय. अवयव द्यायला सून तयार होती. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली, की ती आपोआप हलली, सांगता येत नाही. मी त्याच्या पावलाला हात लावला. पाऊल गरम होतं. छाती वरखाली होत होती. मशीनमुळे, असं नर्स म्हणाली. मशीनमुळे तर मशीनमुळे, पण गरम होतं.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. तो खरंच गेला होता, की आम्ही त्याला जिवंतपणीच देऊन टाकलं? सुनेला विचारायची हिंमत होत नव्हती. भलतंच काही ऐकलं असतं, तर पुन्हा तिच्यासमोर जेवायला कशी बसले असते? मग तिच्या साध्या साध्या गोष्टींत मला काळंबेरं दिसायला लागलं. आणि आता हा फोन.

रविवारी तिनं त्याच्या आवडीचा निळा ड्रेस घातला. “मैत्रिणीकडे जाऊन येते, आई.” मी “बरं” म्हटलं आणि चपला अडकवून तिच्या मागोमाग निघाले. या वयात हेरगिरी करायची म्हणजे गुडघ्यांची फार बोलणी खावी लागतात.

ती एका वाचनालयात शिरली, जिना चढून वरच्या सभागृहात गेली. कोणीतरी वाट बघत असणार, हा माझा अंदाज अगदी खरा ठरला. तिथं पंचवीसतीस माणसं बसली होती. भिंतीवर अवयवदानाचा फलक होता. मी शेवटच्या रांगेत एका धिप्पाड गृहस्थाच्या आड बसले.

“माझे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे,” सून माईकवर बोलायला लागली. “कोणी आत अडकलं की काम करता करता ते बाहेरून त्या माणसाशी गप्पा मारायचे. घाबरू नये म्हणून. जाताना त्यांनी आणखी चार जणांना बाहेर काढलं, असं मी समजते.”

हे गप्पांचं मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. परक्यांना सांगते, मला नाही. माझा राग आणखी चढला.

मंचावर तिच्या शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कोणाच्या मनात काही शंका?”

शंका म्हटल्यावर माझा हात वर गेलाच.

“अंग गरम होतं,” मी उभी राहून म्हणाले. “मग तो गेलाय हे कशावरून?”

सुनेनं मला ओळखलं. डॉक्टरीणबाई उत्तर द्यायला लागल्या, तर तिनं त्यांना थांबवलं.

“आई, डॉक्टरांनी दोनदा तपासलं. पहिल्यांदा मला बाहेर बसवलं होतं. मी म्हटलं, असं नाही चालणार, आमच्या घरात बघितल्याशिवाय काही मानत नाहीत. दुसऱ्या वेळी मी आत उभी राहिले. त्यांनी मशीनचा श्वास थांबवला. आपणहून घेतायत का, ते बघायला. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. तुम्ही ठेवायचात तसा. बराच वेळ ठेवला, आई. नाही हललं.”

मला बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची कुठे आहे ते समजेना. त्या धिप्पाड गृहस्थांनी मला धरून बसवलं.

परतताना बसमध्ये मी तिला म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचाराल, म्हणून वाट बघत होते.”

घरी आल्यावर ती कपडेही न बदलता पलंगावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. मी चहा टाकला, उकळला, गाळला. हाक मारली, उत्तर आलं नाही. खोलीत गेले. ती फारच स्वस्थ पडली होती. मी पलंगाच्या कडेला बसून तिच्या पोटावर हात ठेवला.

“आहे, आई,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“असू दे,” मी म्हटलं आणि हात तसाच ठेवला.