आधी खोगीर, मग घोडी

मी खोगीर बोलतोय. त्या दुपारी काय झालं याचा एक कागद साहेबांच्या कपाटात आहे. त्यात वादळ आहे, घोडी आहे, 'शिकाऊ मदतनीस' आहे आणि तिचा 'निष्काळजीपणा' तर दोनदा आहे. माझं नाव मात्र कुठेही नाही. आणि झालं ते सगळं माझ्यापायी. आरोपीलाच वगळून लिहिलेली हकिगत खरी मानायची नसते, म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. तिथे एक म्हातारा कारागीर मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन्ही हातांत दोन सुया घेऊन मला शिवत बसायचा. आत लोकर भरताना तो मूठ आवळून दाबून बघायचा आणि पुन्हा उपसून काढायचा. एकदा गिऱ्हाईक वैतागलं.

"अहो, बसायचं मला आहे. मला चालतंय तर द्या की."

"तुमच्या बैठकीशी मला काय करायचंय?" म्हातारा मान वर न करता म्हणाला. "माणूस काय, पोत्यावरही बसेल. लोक खोगीरभरती म्हणून नावं ठेवतात, पण ही भरती चुकली की घोड्याची पाठ सोलवटते. खोगीर घोड्यासाठी असतं."

ते वाक्य मी पोटातल्या लोकरीसारखं जपलं. ज्या दिवशी आठवायला हवं होतं, नेमकं त्याच दिवशी विसरलो.

तिथून मी आलो घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका संस्थेत. गावाबाहेर सपाट माळ, लाकडी कठड्याचं रिंगण, नऊ घोड्यांची पागा, पत्र्याची एक शेड आणि अंगणापलीकडे आमची खोगीरखोली. मला जायफळ नावाच्या घोडीच्या पाठीवर चढवलं. रंगाने तपकिरी, स्वभावाने थोडी उग्र, म्हणून ते नाव. वर्षभरात माझी लोकर तिच्या पाठीच्या आकारात बसली. तिच्या डाव्या खांद्यामागे एक बारीक उंचवटा होता, त्याच जागी माझ्यात खळगा पडला. नवरा-बायकोही इतके एकमेकांच्या मापाचे होत नाहीत.

संस्थेचे मालक म्हणजे साहेब. ते वाईट नव्हते. वाईट माणसं लांबून ओळखू येतात, ती एक सोय असते. साहेब नीटनेटके होते. आदल्या साली वादळात खोगीरखोलीची खिडकी फुटली, तीन खोगिरं भिजली आणि त्यांना बुरशी धरली. साहेबांनी पेंटर बोलावून पाटी रंगवून घेतली. वर मथळा, 'वादळाचे नियम'. एक, सर्व खोगिरे आत न्यावीत. दोन, झाकण घालून नाडी बांधावी. तीन, खिडक्या लावाव्यात. चार, घोडे पागेत न्यावेत.

कुणी भुवया उंचावल्या की साहेब समजावून सांगायचे, "घोडं भिजलं तर वाळतं. खोगीर भिजलं तर मरतं."

मला ते फार आवडायचं. आपल्याला पहिला नंबर दिलेला कुणाला आवडत नाही?

पाटी न मानणारा एकच माणूस होता, तो म्हणजे म्हातारा मोतद्दार. घोड्यांना खरारा करण्यात, चंदी चारण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. आभाळ काळवंडलं की तो सरळ घोड्यांकडे धावायचा. साहेब रागावले की म्हणायचा, "मला कुठे वाचता येतं, साहेब?" आणि पाठ फिरली की हळूच, "म्हणून तर घोडे वाचतात."

अशा ठिकाणी ती आली. वय तेवीस. एका हाताला बॅग, दुसऱ्या हाताला दोरी, दोरीच्या टोकाला बटाटा नावाचा म्हातारा कुत्रा आणि पाठीवरच्या पिशवीत डोकं बाहेर काढून सगळ्यांना नापास करणारी मांजर. मांजरीचं नाव आत्याबाई. मोतद्दाराने हे बिऱ्हाड पाहिलं.

"नोकरीला आलीस का सर्कस घेऊन आलीस, पोरी?"

"काका, कुत्रा काम करतो. मांजर फक्त देखरेख करते."

"मग मांजर साहेबांकडे पाठव. जमेल दोघांचं."

त्या दिवसापासून त्यांचं मेतकूट जमलं. पोरगी पागेमागच्या खोलीत राहायला लागली. तिची आधीची नोकरी एका कंपनीत, फोनवर तक्रारी ऐकण्याची. दोन वर्षं ती समोरच्या कागदावरचं वाचून दाखवत होती. लोक रडोत, शिव्या देवोत, ओळ ठरलेली: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. "कागद सोडून एक शब्द बोललं की पगार कापायचे, काका," मला साबण लावता लावता ती मोतद्दाराला सांगायची. "एका बाईचा नवरा गेला होता. मी तिला 'वाईट वाटलं' म्हटलं, तर मेमो मिळाला."

हे लक्षात ठेवा. ते साहेबांच्या कागदात नाही, पण असायला हवं होतं.

तिचे बाबा आठवड्याला फोन करायचे. फोन स्पीकरवर आणि माझ्या पाठीवर ठेवून ती लगाम पुसायची.

"शिकून सवरून लीद उचलतेस?"

"बाबा, आधी लोकांची उचलायचे. घोड्यांची बरी."

"परत कधी येणार?"

"वादळ संपलं की," ती हसत म्हणायची. त्या माळावर उन्हाळ्यात आठवड्याला दोन वादळं. पहिल्या वादळात ती अंगणात हात पसरून उभी राहिली होती. बटाटा मात्र चंदीच्या पिंपामागे. त्याला अर्धा तास आधी कळायचं. ढग दिसण्याआधी तो पोटावर सरपटत पिंपामागे जायचा. मोतद्दार म्हणायचा, "हवामान खात्यापेक्षा हा बरा. पगारही घेत नाही."

चार महिन्यांत ती दुडक्या चालीवर नीट बसायला शिकली. आधी ती माझ्यावर पोत्यासारखी आपटायची. मग एक दिवस तिचा भार हलका झाला. ती घोडीबरोबर उठू-बसू लागली आणि मला त्या दोघींमध्ये काही करायचं उरलं नाही. खोगिराच्या आयुष्यात याहून मोठं सुख नाही. जायफळ कान पुढे करून चालायची. आत्याबाई दुपारी माझ्यावर झोपायची. ते दिवस बरे होते. ते चालू असताना मी त्यांची काही किंमत केली नाही, हेही सांगून टाकतो.

ती दुपार. शिकवणी संपून मुलं घरी गेली होती. पोरगी जायफळला घेऊन माळावर एक फेरी मारून आली. घोडीला तिने पत्र्याच्या शेडजवळच्या कठड्याला बांधलं. नेहमीची जागा. घोडीच्या पोटाखालचा माझा तंग सोडून तिने मला उचललं. इतक्यात बटाटा अंगणातून सरपटत गेला, या वेळी त्यालाही कळायला उशीर झाला होता. ती त्याला बघून हसली आणि तिने वर पाहिलं. वारा एकदम पडला होता. पश्चिमेचं आभाळ शाईसारखं झालं होतं.

मोतद्दार रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला होता, चार घोडे दोन हातांत धरून. तिथूनच तो ओरडला, "पोरी, खोगीर टाक खाली! आधी घोडी सोड!"

तिने ऐकलं. मी शपथेवर सांगतो, तिने ऐकलं. ती मला उचलून उभी होती, तिचे हात थबकलेले मला कळले. तिच्या डाव्या हाताला दावं होतं. मोकळ्या टोकाला हिसका दिला की सुटणारी गाठ, एका श्वासाचं काम. समोर, खोगीरखोलीच्या दारावर, पाटी होती. एक, सर्व खोगिरे आत न्यावीत.

दोन वर्षं जिला कागद सोडून शब्द काढू दिला नव्हता, तिने पाटीकडे पाहिलं.

आता माझा कबुलीजबाब. त्या क्षणी मला आनंद झाला. तिने मला छातीशी धरलं आणि ती पळाली, तेव्हा मला वाटलं, बघा, माझी किंमत. मागे जायफळ खिंकाळली. तिच्या मापाचा मी, तिच्या पाठीची ऊब अजून माझ्या लोकरीत होती, आणि मी कोरडा राहणार म्हणून खूश होतो. कारागिराचं वाक्य मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी काय केलं असतं, मला काही हातपाय नाहीत. पण निदान लाज वाटली असती.

तिने मला घोडीवर म्हणजे आमच्या लाकडी घोडीवर ठेवलं, झाकण घातलं. नाडी बांधायला लागली. एक गाठ बसेना म्हणून दुसरी, दुसरीवर तिसरी. नियम दोन. तिसरी गाठ पडली आणि शेडचा पत्रा उडाला.

मी पाहिलं नाही, खोलीत होतो. ऐकलं. पत्रा कठड्यावर आदळल्याचा आवाज, मग लाकूड मोडल्याचा. जायफळने मागे ओढ घेतली तेव्हा गाठ घट्ट आवळली आणि कठड्याची आडवी बल्लीच उखडली. ती बल्ली दाव्याला लटकलेली, घोडीच्या पायांत आपटत, आणि घोडी तिच्यापासूनच जीव घेऊन पळतेय. जितकी पळेल तितका मार. माळाच्या कडेच्या चरात ती पडली.

पावसात पोरगी तिच्याशेजारी चिखलात बसली होती, असं मोतद्दार नंतर आत्याबाईला सांगत होता. माणसांना सांगणं त्याने सोडून दिलं होतं.

पशुवैद्य बाई आल्या. पुढचा उजवा गुडघा गेला होता. "जगेल," त्या म्हणाल्या. "हळूहळू चालेलही. पण पाठीवर माणूस नाही. कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी मुलांचे पालक विचारायला आले. वादळात घोडी बांधलेली का होती? साहेबांनी त्यांना चहा दिला आणि चौकशी करतो म्हणाले. चौकशी खोगीरखोलीत झाली, माझ्यासमोर, आणि झाकणाच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. साहेब, पोरगी, मोतद्दार आणि एक टाइप केलेला कागद.

"सही कर," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल, पण पोलीस नाहीत, काही नाही."

"पण पाटीवर तसंच लिहिलंय, साहेब."

"पाटीवर अक्कल गहाण ठेवा असं लिहिलंय का?"

मोतद्दार पुढे झाला. "साहेब, पेंटरने रंगवताना पाटी मला वाचून दाखवली होती. काय लिहिलंय ते मला पाठ आहे."

"तुम्हाला वाचता येत नाही ना?"

म्हातारा मागे सरला. चाळीस वर्षांची नोकरी अशी एका वाक्यात खिशात घालता येते.

पोरगी कागदाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "जायफळचं काय करणार?"

"लंगडं घोडं ठेवून काय करू? न्यायला उद्या माणूस येईल."

"कुठे न्यायला?"

साहेबांनी पेन पुढे केलं. तेच उत्तर होतं.

"मला द्या," ती म्हणाली. "सही करते. घोडी मला द्या."

"पोरी, सही करू नकोस," मोतद्दार म्हणाला. "खोटं आहे ते."

"सगळं खोटं नाही, काका. तुम्ही ओरडलात ते मी ऐकलं होतं."

तिने सही केली. तिच्या सहीखालचं सत्य एवढंच की तिला घोडी हवी होती. दोन दिवसांनी पेंटर पुन्हा आला. नवी पाटी लागली. एक, घोडे प्रथम सुरक्षित जागी न्यावेत. कोपऱ्यात तारीख मात्र मागच्या वर्षीची. वरातीमागून घोडं आलं, आणि वर म्हणे तेच पुढे होतं. पण पेंटरला लाज वाटली नाही, ब्रश धुताना तो शीळ घालत होता.

पोरीचे बाबा ट्रक घेऊन आले. तिच्या मामाच्या रोपवाटिकेमागे मोकळी जागा होती, तिथे घोडी राहणार होती. मला वाटलं होतं, बाबा तिला रागावतील. जायफळला फळीवरून ट्रकमध्ये चढवायला अर्धा तास लागला, तेवढा वेळ तिच्या दुखऱ्या पायाखाली त्यांनी स्वतःचा शर्ट काढून घडी करून धरला होता. बटाटा पुढच्या सीटवर बसला. आत्याबाई शेवटची माझ्यावरून उठली.

"हे खोगीर तिचंच ना गं?" बाबांनी दारातून विचारलं. "साहेबांकडे मागून बघू का?"

ती आत आली. झाकणावरून तिने हात फिरवला. नाडीच्या गाठीवर तिची बोटं थांबली, तिच्याच तिसऱ्या गाठीवर.

"नको बाबा," ती म्हणाली. "हे भिजलं नाही ना, बस झालं."

याला तीन उन्हाळे झाले. माझं माप जायफळच्या पाठीचं, दुसऱ्या घोड्याला मी बोचतो, म्हणून मला कुणी उतरवत नाही. गाठ कुणी सोडलेली नाही. मी अजून कोरडा आहे, साहेबांच्या पद्धतीने बोलायचं तर जिवंत आहे. मोतद्दार कधीतरी बातमी आणतो. घोडी रोपांच्या रांगांमधून लंगडत हिंडते, कुंड्यांमधली फुलं खाते, मामा ओरडतो. पोरगी तिच्यावर बसत नाही, बरोबर चालते. वारा पडला की बटाट्याआधी तीच उठते आणि हातातलं असेल ते टाकून घोडीकडे जाते. एकदा म्हणे रोपांचा ट्रे टाकला, एकदा मामाचा चष्मा.

नवी मुलं पाटीखालून जातात. कुणी ती वाचतही नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आभाळ शाईसारखं होईल तेव्हा पाटीवर काय आहे ते बघू नका, जुनी बघू नका आणि नवीही बघू नका. दाव्याला कोण आहे ते बघा. हातात खोगीर असेल तर टाका. चिखलात टाका. माझ्यावर पाय देऊन पळालात तरी चालेल.

मी भिजलो तर वाळेन.