पांढऱ्या शर्टांचा काळा जनरेटर

मित्रांनो, आष्ट्यातल्या शिलाई कारखान्यामागे जो जुना डिझेल जनरेटर दिसतो, तो मी. वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की रडतात. मी रडणार नाही. माझं तेल आधीच गळतं.

मालक भाऊसोंनी मला आणलं तेव्हा हार घातला, नारळ फोडला. इथे शाळेचे पांढरे शर्ट शिवतात. संध्याकाळी वीज गेली की जादा कामासाठी मला सुरू करत. मीही मन लावून धूर सोडी.

तो धूर खिडकीतून आत जाऊन शर्टांवर बसे. मग शर्ट धुवावे लागत. धुण्यात दिवस जाई, म्हणून शिलाई मागे पडे, म्हणून जादा काम, म्हणून मी. ही व्यवस्था कित्येक वर्षं सुरळीत चालली.

एकदा शिलाईवाली सुरय्या म्हणाली, "आवं मालक, पोरगं बोलाय लागलंय म्हनं. शेजारीण सांगती. मला तर ते झोपल्यालंच घावतंय. सांजच्याला मशिनी बंद करा की."

"आन् शर्ट कोण शिवंल? तुजं पोरगं?"

"आठवडाभर बगा. माल कमी पडला तर रातभर बसवा, ब्र काढणार न्हाई."

आठवडाभर मी गप्प. शर्ट पांढरेच राहिले, धुणं उरलं नाही, माल उजेडातच पुरा झाला. शेजारच्या लिंबाला हिरवी पालवी फुटली. तो लिंब आहे, हे मला तेव्हा कळलं.

भाऊसो इतके खूश झाले, की त्यांनी दुप्पट मालाची ऑर्डर घेतली आणि मला सुरू करायला आले. पाहतात तर माझ्यावर टोपली, टोपलीत अंडी, अंड्यांवर कोंबडी.

"ही कुणाची गं?"

"माजी. खुडूक बसलीया," सुरय्या म्हणाली. "उठवायची तर तुमीच उठवा. चोचीची जबाबदारी माजी न्हाई."

भाऊसोंनी हात घातला. नंतर बोटाला हळद लावत त्यांनी जादा मालाला फोनवर नकार कळवला.

ती पिल्लं कधीच मोठी झाली. सुरय्यानं लगेच दुसरी कोंबडी बसवली. संध्याकाळी तिचं पोरगं दाणे टाकायला येतं. ते खरंच बोलतं. थांबतच नाही.

मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. मला जपायचं असेल तर काम उजेडात उरका आणि घरी जा. माझ्याकडे कोंबडी बघेल.