कालची गाडी

शनिवारी सकाळी सहाला उठले तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हतं. पेरूचं झाड नव्हतं, फाटक नव्हतं, समोरचं सक्सेनांचं घर नव्हतं. संक्रांत होऊन दोन आठवडे झाले तरी झाशीवरचं धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं आता. तोंडातून मात्र काही काढलं नाही. विमानाचा हट्ट माझ्या नवऱ्याचा होता, आणि प्रवासाच्या दिवशी सकाळी सहाला नवऱ्याशी भांडायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

लग्न पुण्याला होतं, रविवारी, अकरा बावन्नच्या मुहूर्तावर. माझ्या नणंदेची, बकुळावन्संची एकुलती एक मुलगी सुहासिनी. आम्हाला मूलबाळ नाही. ही पोर दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायची, इथल्या उन्हात काळी होऊन आणि तोंडात हिंदी घेऊन परत जायची. तिचे वडील, नारायणराव, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे लग्नात तिच्या बाजूनं उभं राहायला म्हाताऱ्या आजोबांखेरीज वडीलधारा पुरुष म्हणजे मामा, माझा नवरा. गौरीहराला बसताना नवरीनं मामाची पिवळी साडी नेसायची आणि मामानंच तिला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, ही आमच्याकडची रीत. ती साडी मी दिवाळीतच घेऊन ठेवली होती. आता ती माझ्या निळ्या बॅगेत सगळ्यात वर होती आणि बॅग व्हरांड्यात होती.

माझे यजमान, श्रीकृष्ण, झाशीच्या रेल्वे कंट्रोलमध्ये आहेत. कोणती गाडी कुठं आहे, कोणाला पुढं काढायचं, कोणाला बाजूला उभं करायचं, हे दिवसाचे आठ तास ते फोनवर सांगत असतात आणि उरलेले सोळा तास त्याच्याबद्दल चिडचिड करत असतात. धुक्याचे दोन महिने तर घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. या दिवसांत रजा मिळणं म्हणजे काय ते रेल्वेतल्या माणसालाच ठाऊक. यांनी चार दिवसांसाठी दिवाळीपासून साहेबांच्या मागं धोशा लावला होता.

"आपली गाडी धुक्यात किती लेट होते ते मला विचार," हे म्हणाले होते. "ग्वाल्हेरहून विमानानं जायचं. दोन तासांत पुणे."

"वरती धुकं नसतं वाटतं?" माझे सासरे म्हणाले होते. मामंजी ब्याऐंशी वर्षांचे. गार्ड म्हणून रिटायर झाले त्याला चोवीस वर्षं झाली, पण अजून घड्याळ छातीच्या खिशात ठेवतात. त्यांना घरात कोणी उत्तर देत नाही, तसं तेव्हाही दिलं नाही.

विमान दुपारी एक चाळीसचं होतं. जयसिंग आपली टॅक्सी घेऊन आठला हजर झाला आणि दारातच हात झटकत म्हणाला, "भाभीजी, रोड तौ दिखाई नईं दे रओ." तेवढ्यात यांच्या मोबाइलवर निरोप आला, विमान दीड तास उशिरा. हे खूश झाले. उशीर म्हणजे येणार, असा यांचा हिशेब. जयसिंगला चहा दिला. नऊला पुन्हा निरोप, आणखी दोन तास. त्याला पोहे दिले. दहा वाजून दहा मिनिटांनी तिसरा निरोप आला. तो यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. उड्डाण रद्द.

"रद्द म्हणजे?" हे मलाच विचारायला लागले. "अरे, लेट कर ना. रात्री काढ. रद्द कशाला?"

मग तासभर फोनाफोनी. विमान कंपनीचा नंबर लावला की संगीत वाजायचं, मग एक दाबा, दोन दाबा, मग पुन्हा संगीत. शेवटी एक मुलगी बोलली, फार गोड बोलली, आणि उद्याच्या एक चाळीसच्या विमानात जागा देते म्हणाली. उद्या एक चाळीसला सुहासिनी सासरची झालेली असणार. दिल्लीहून बघितलं, तिथंही विमानं अडकलेली. भोपाळचं आजचं विमान भरलेलं. जयसिंग म्हणाला, मी गाडीनं नेतो पुण्यापर्यंत. हजारावर किलोमीटर, पहिले दोनशे न दिसणारे. मी त्याला पैसे देऊन घरी पाठवला.

व्हरांड्यात तीन बॅगा, एक पिशवी, आणि लाडवांचा डबा. दिवाळीपासूनची धावपळ त्या पायरीवर येऊन बसली होती. मला रडू आलं नाही, नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

तेव्हा मामंजी आतून आले. अंगात कोट, डोक्याला कानटोपी, काखेत जुना होल्डॉल. त्यांनी छातीच्या खिशातून घड्याळ काढलं, मग त्याच खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. आमच्या तिघांची पुण्याची तिकिटं. झाशीहून, स्लीपर, शुक्रवार, रात्री साडेआठ.

"मामंजी, ही केव्हा काढलीत?"

"तुम्ही विमानाची काढलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी. टेम्पोनं गेलो स्टेशनला. लाइन काही फार नव्हती."

"अहो, पण हे तर कालचं तिकीट."

"गाडी कालचीच आहे," ते म्हणाले. "पण ती अजून आली कुठं? आल्याशिवाय तिकीट वाया कसं जाईल?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी कंट्रोलला फोन लावला. तिकडे यांचे सहकारी हरिभाऊ ड्यूटीवर होते. पुण्याची कालची गाडी ग्वाल्हेरच्या अलीकडं उभी होती, सतरा तास लेट. दीडच्या सुमाराला झाशीला लागेल, म्हणाले. ज्या धुक्यानं आमचं विमान घालवलं, त्यानंच कालची गाडी आमच्यासाठी अडवून धरली होती. मी लाडवांचा डबा उचलला.

"थांब," हे म्हणाले. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि त्यावर आकडे मांडायला बसले. मला ती बसण्याची पद्धत ओळखीची होती. "दीडला सुटली तर उद्या दहाला पुणे. पण लेट गाडीला कोणी वाट देत नाही. प्रत्येक राइट टाइम गाडी हिला बाजूला उभी करणार. मीसुद्धा करतो. इटारसीपर्यंत दोन तास जातील, पुढं भुसावळला, मनमाडला. दोन वाजतात. कदाचित तीन." पेन्सिल खाली ठेवली. "मुहूर्त मिळत नाही. मग जाऊन काय उपयोग?"

मग जाऊन काय उपयोग. हे शब्द मी आधी ऐकले होते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पहाटे फोन आला की नारायणराव गेले. तेव्हाही असंच धुकं होतं. तेव्हाही यांनी असाच कागद घेतला होता. गाडी चौदा तास लेट, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, मग जाऊन काय उपयोग. बकुळावन्संना फोन केला, गाडी लेट आहे, दहाव्याला येतो म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "बरं." एवढंच. मामंजी तेव्हाही म्हणत होते, लेट तर लेट, जाऊ. आम्ही ऐकलं नाही. आम्ही म्हणते, कारण मीही बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावले होते. थंडी होती, मी दमले होते, आणि नवऱ्याचा हिशेब मला सोयीचा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्यात यांचं वाईट मन नव्हतं, तेही सांगायला हवं. तीस वर्षं ज्यानं वेळ चुकलेल्या गाड्या बाजूला काढल्या, त्याला वेळ चुकलेला माणूसही बाजूला काढावा असंच वाटणार.

यांनी बकुळावन्संना फोन लावला. मोबाइल स्पीकरवर होता. मागं मांडवातली गडबड, कोणीतरी हळदीचं ताट मागत होतं. यांनी विमानाचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, आकडे सांगितले. "मुहूर्ताला पोहोचत नाही गं. मी नंतर येऊन जातो. साडीही घेऊन येईन."

मग बकुळावन्सं म्हणाल्या, "बरं."

तोच आवाज, तेच एवढंसं "बरं". त्यात राग असता तर मी सहन केला असता. त्यात नुसती सवय होती. दादा येणार नाही याची सवय.

मी यांच्या हातातून मोबाइल घेतला. "वन्सं, आम्ही येतोय," मी म्हटलं. "दोन वाजतील, तीन वाजतील, संध्याकाळ होईल. येतोय. सुहासिनीला सांगा." आणि उत्तर ऐकायला न थांबता ठेवून दिला.

"कमल, काही उपयोग नाही," हे म्हणाले.

"नसू दे. उपयोगाला लग्नाला जात नाहीत. तुम्ही नाही आलात तर मी आणि मामंजी जातो. पिवळी साडी मी देते. मामा कुठंय विचारलं तर सांगते, झाशीत बसून हिशेब करतोय."

मामंजी एव्हाना फाटकापर्यंत पोहोचले होते, धुक्यात नुसती कानटोपी दिसत होती. यांनी कॅलेंडरचं पान चुरगाळलं आणि दोन बॅगा उचलल्या.

गाडी दोन दहाला आली. डब्यात शुक्रवारपासून बसलेली माणसं, चुरमुऱ्यांची पाकिटं, रडून थकलेली मुलं. टीटीनं तिकीट पाहिलं, मामंजींना पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, आपकी सीट कल से खाली है." मामंजींनी मान डोलावली, जणू असंच असायला हवं होतं. ते खालच्या बर्थवर होल्डॉल उशाला घेऊन लगेच झोपले.

पुढचा प्रवास काय सांगू. बबीन्याच्या पुढं उभी, बीन्याला उभी, इटारसीच्या बाहेर दीड तास उभी. प्रत्येक वेळी शेजारून एखादी गाडी धाडधाड निघून जायची आणि माझे यजमान खिडकीला कपाळ लावून ती बघायचे. आजवर त्यांनी किती गाड्या अशा उभ्या केल्या असतील, त्यात कोण बसलं असेल, असं त्यांच्या मनात येत असावं. निदान माझ्या मनात येत होतं. रविवारी अकरा बावन्नला आम्ही मनमाडच्या पुढं कुठंतरी ज्वारीच्या शेताकडं बघत उभे होतो. मामंजींनी घड्याळ काढलं, पाहिलं, कानटोपी काढून हात जोडले आणि पिशवीतल्या चिमूटभर अक्षता खिडकीबाहेर टाकल्या. मीही टाकल्या. हे तोंड फिरवून बसले.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. मांडवाची फुलं उतरवायला घेतली होती, खुर्च्या एकावर एक चढल्या होत्या. यांचे पाय दारातच अडले. आतून बकुळावन्सं आल्या. दिवसभराच्या उभं राहण्यानं चेहरा उतरलेला, अंबाड्यातला गजरा वाळलेला.

"उशीर झाला, बकुळा," हे म्हणाले.

"झाला," त्या म्हणाल्या. "वहिनी, साडी आणलीत? ती तासभर पाठवणी अडवून बसलीय. सासरच्यांना सांगितलंय, मामा वाटेत आहे."

सुहासिनी आतल्या खोलीत बसली होती. मला बघून म्हणाली, "मामी, इतकी देर?" आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला पिवळी साडी नेसवली. निऱ्या नीट आल्या नाहीत. मग मामानं तिचा हात धरला आणि बोहल्याऐवजी दारातल्या गाडीपर्यंत नेलं. पन्नास पावलं असतील. हे फार हळू चालले, एकदाही मनगटाकडं पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर बहीण-भाऊ रिकाम्या मांडवात उभे राहिले. हे म्हणाले, "त्या वेळी पण निघायला हवं होतं गं. चौदा तास लेट होती, म्हणून मी म्हटलं, पोहोचून काय..."

"दुसऱ्या दिवशी उजाडता आला असतास," बकुळावन्सं म्हणाल्या. "मला माहीत होतं. मीही गार्डाचीच मुलगी, हिशेब मलाही येतो." त्यांनी भावाच्या कोटावरची गाडीची धूळ हातानं झटकली. "रात्रभर मी जागीच होते, दादा. दाराला कडी नव्हती लावली."