रोटची पंगत

रूपालीला थोरल्या जावेवर सूड उगवायचा होता, आणि तोही कानबाईच्या पंगतीतच. दुसरीकडे कुठे उगवला असता तर तिचं समाधान झालं नसतं.

श्रावणात कानबाई देवी घरी येते तेव्हा पंगतीला रोट होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळून केलेल्या जाड पोळ्या. त्या घरच्यांनीच खायच्या, उष्ट्या टाकायच्या नाहीत. म्हसावदच्या या घराची त्यावर आणखी एक रीत होती. शेवटचं ताट स्वच्छ होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही. जो उठेल त्याने त्या वर्षी कानबाईला हात लावायचा नाही.

थोरली जाऊ धनुबाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं. रूपाली जाड होती तेव्हा पाटावरून उठायला तिला कोणाचा तरी हात लागायचा, आणि दरवर्षी धनुबाई भर पंगतीत ओरडायची, "ट्रॅक्टर बलावा रे! दोर लाईसन उठाडू हिले!" सगळे हसायचे. नवराही हसायचा. रूपालीसुद्धा हसायची आणि मग मोरीत जाऊन रडायची.

पुढे सुरतेला तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठर कापून केळ्याएवढं ठेवलं. वजन झरझर उतरलं, पण गव्हाशी वैर झालं. वरण जायचं, अंडं जायचं, पोळीचा घास मात्र छातीत दगडासारखा अडायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पोळी सगळ्यात शेवटी सुरू करायची, तोंडात पेज होईपर्यंत चावायची आणि वर पाणी प्यायचं नाही.

मागच्या श्रावणात ऑपरेशनला थोडेच महिने झाले होते. दुसऱ्याच घासाला तिच्या तोंडाला फेस आला आणि ती पंगत सोडून मोरीकडे धावली. परत येते तो धनुबाईने निकाल देऊन टाकला होता. "रोट सोडीसन उठनी ती. ज्याना ताट त्यानीच खावाना. आते कानबाईले हात लावानं नही." सासू जमनाबाईला वाईट वाटलं, पण रीत ती रीत. बारीक झाले तर कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर विसर्जनाला नेईन, असा रूपालीचा नवस होता. सोमवारी कानबाई धनुबाईच्या डोक्यावरून गेली. रूपाली दारात उभी राहून बघत होती.

त्या दिवसापासून तिने तालीम सुरू केली. आधी कडक टोस्ट, मग भाकरीचा पापुद्रा, मग पोळीची कड. कधी जिरलं, कधी उलटलं. घरात मात्र कोणाला पत्ता लागू दिला नाही. चारचौघांत ती वरणाची वाटी घेऊन बसायची. धनुबाई विचारायची, "अजून पोळी चालस नही का तुले?" रूपाली गरीब चेहरा करायची. "नही ना जिजी."

म्हणूनच यंदा धनुबाईने मुद्दाम तिच्या ताटात अख्खा रोट ठेवला. "खाय बिचारी. नही ते उठी जाय."

रूपालीने पहिला तुकडा मोडला, नखाएवढा, आणि चावायला लागली.

बाकीच्यांची ताटं भराभर रिकामी झाली. रूपाली चावत होती. लोकांचे ढेकर देऊन झाले, गप्पा मारून झाल्या, हातावरचं वरण वाळून गेलं. रूपाली चावत होती. धनुबाईचे गुडघे हल्ली धरायचे. ती आधी डाव्या अंगावर कलली, मग उजव्या.

"किती चावशी वं?"

"चावीसन पेज करनी पडस जिजी. डॉक्टरनी सांगेल शे."

"आन इकडे, मी संपाडी टाकस तुन्हा रोट."

"नही," जमनाबाई म्हणाली. "ज्याना ताट त्यानीच खावाना. गया वरीसले तूच बोलनी ना?"

अर्ध्यावर रूपालीच्या छातीत कळ आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती ताठ बसून राहिली, हळूहळू श्वास घेत राहिली, आणि समोर धनुबाईच्या कपाळावर फुटलेला घाम बघत राहिली. कळ ओसरली. तिने पुढचा तुकडा मोडला.

अखेर एकच घास उरला. तो लगेच खाता आला असता. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि थोरल्या दिराला नंदुरबारच्या बाजारात यंदा मिरचीला काय भाव निघेल ते विचारलं. दीरही भोळा. तो सविस्तर सांगत बसला. धनुबाई दात ओठ खात नवऱ्याकडे बघत होती. त्याचं बोलणं संपल्यावर रूपालीने घास तोंडात टाकला, तोही नीट चावला, आणि रिकामं ताट सगळ्यांना दिसेल असं पुढे सरकवलं.

पंगत उठली. रूपालीही उठली, कोणाचा हात न धरता. धनुबाईचे पाय मात्र लाकूड झाले होते.

"हात दे वं," ती कण्हली.

रूपालीने ओसरीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "ट्रॅक्टर बलावा रे! दोर लाईसन उठाडू जिजीले!"

घर हसलं. जमनाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. सगळ्यांबरोबर धनुबाईही हसली. ते हसू रूपालीच्या चांगल्याच ओळखीचं होतं. तिला दया आली नाही. ती हात धुवायला निघून गेली.

सोमवारी कानबाई रूपालीच्या डोक्यावरून निघाली. गुडघ्यांना तेल चोपडून धनुबाई दारात खुर्चीवर बसली होती. वाजंत्री पुढे गेली, बाया पुढे गेल्या. धनुबाईसमोर आल्यावर रूपालीने पावलं अगदी हळू केली.