उजवा गाल

टेगनने तीन ट्यूबांमधलं फाउंडेशन थोडं थोडं बोटावर घेतलं, नोलीनच्या जबड्यावर तीन पट्टे ओढले आणि तिला दंडाला धरून दुकानाच्या दारापाशी आणलं.

"आतल्या दिव्यात काही खरं दिसत नाही, मिसेस पास्को. इथं उजेडात उभ्या राहा. आणि जरा वेळ बोलू नका."

बोलू नका हे नोलीनला जमण्यासारखं नव्हतं. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने उन्हासाठी नाकावर चोळायचं पांढरं झिंक सोडून तोंडाला दुसरं काही लावलं नव्हतं. आता एकदा या वाटेला आलोच आहोत, तर सगळं विचारून घ्यावं असं तिला वाटत होतं.

"यातलं तेज येतं कुठून? अभ्रक घालतात का?"

"घालतात थोडं. पण ज्यात चमचम दिसते ते तुम्हाला नको. ती सुरकुतीत जाऊन बसते, मग सुरकुतीच चमकायला लागते."

"म्हणजे खड्ड्यालाच रोषणाई."

"अगदी तसंच. तुम्हाला पातळ हवं, आणि ओलसर. पावडर तर बिलकूल नको. आपल्या वयाच्या कातडीवर ती सुकल्या तळ्यासारखी तडकते."

"आपल्या वयाच्या म्हणे! तू अजून चाळिशीची नाहीस. आणि उन्हाचं काय? उन्हापासून राखणारं नसेल तर मला दाखवूच नकोस."

"ट्यूबवर एसपीएफ पन्नास लिहिलंय. पण त्याच्यावर विसंबू नका. तेवढा गुण यायचा तर हे चमच्याने थापावं लागेल. आधी साधं सनस्क्रीन लावायचं, भरपूर. ते दहा मिनिटं मुरू द्यायचं. मग वरून हे, जरासंच."

नोलीनने मान डोलावली. नवऱ्याच्या, केल्विनच्या हातावरचा कर्करोगाचा काळा डाग सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती सनस्क्रीनच्या बाबतीत कुणाचंही ऐकायला तयार असायची.

बाकी हा सगळा उपद्व्याप मुलीमुळे होता. हार्लन्स वेल या त्यांच्या गावातल्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, त्या शंभर फुटी सिमेंटच्या भिंतीवर, गावातल्या कुणाचं तरी चित्र काढायचं असं सभेत ठरलं. आजूबाजूच्या गावांनी केव्हाच आपापले सायलो रंगवून घेतले होते आणि प्रवासी तिथं थांबून चहा पीत होते, पैसे खर्च करत होते. हार्लन्स वेलमधून मात्र ते काचा वर करून सरळ निघून जात. मतदान झालं. बक्षीस मिळवलेल्या मेरिनो मेंढ्याला सत्तेचाळीस मतं पडली, आणि एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या नोलीन पास्कोला बावन्न. मेंढ्याचा मालक अजूनही फेरमोजणी मागत होता.

आनंद झाला तो झालाच. पण बेंडिगोहून चेरीचा फोन आला.

"आई, अभिनंदन. पण फोटो काढताना तोंडाला काहीतरी लाव गं. एकेक सुरकुती बसच्या टायरएवढी होणार आहे, आणि ती तिथं तीस वर्षं राहणार. माझी नातवंडं बघतील."

नोलीनने हसण्यावारी नेलं, पण त्या रात्री ती आरशासमोर जरा जास्तच उभी राहिली. आपल्याला कोण म्हणून तिथं वर चढवणार आहेत, हा प्रश्न तिला खरोखरच पडला. चित्रकार उद्या सकाळी येणार होता. एकदा भिंतीवर गेलेला चेहरा पुसता येणार नव्हता.

"हे मधलं," टेगन म्हणाली. "बघा, कातडीत नाहीसंच झालं. पहिल्याच फटक्यात जमलं. मला तुमचा रंग पाठ आहे, मिसेस पास्को. नऊ वर्षं चढलेय तुमच्या बसमध्ये."

"आणि एकदा उतरवलंही होतं तुला. च्युइंगमसाठी."

"माझं नव्हतं ते. आता उजवीकडे वळा."

नोलीन वळली. टेगनने तेच बोट उजव्या जबड्यावर ओढलं, आणि तिचा हात थांबला. मघाशी कातडीत विरून गेलेला रंग इकडे भिंतीवर ओढलेल्या खडूसारखा वेगळा दिसत होता. उजवा गाल डाव्यापेक्षा दोन छटा गडद होता. त्यावर तपकिरी ठिपके दाटलेले होते, डोळ्याच्या कोपऱ्यातून निघालेल्या रेषा पार कानापर्यंत गेल्या होत्या, आणि गालाच्या मधोमध, डॉक्टरांनी दोनदा डाग कापून काढला होता तिथं, गव्हाच्या दाण्याएवढी खोच होती.

"काय झालं?"

"काही नाही." टेगन जरा ओशाळली. "ही बाजू मी कधी बघितलीच नव्हती."

नोलीनला आधी ते खोटं वाटलं. मग तिने मनातल्या मनात बसचं दार उघडलं. दार डावीकडे. मुलं पायऱ्या चढून आली की त्यांना तिचा डावा गाल दिसायचा, उतरतानाही तोच. अख्ख्या गावातली चाळिशीच्या आतली माणसं तिला डावीकडून ओळखत होती. उजवा गाल खिडकीकडे. खिडकी बारा महिने उघडी, कारण इंजिनाची धग. एकोणतीस वर्षं ऊन त्याच खिडकीतून आत येऊन बसत होतं, आणि त्याला तिने कधी उतरवलं नव्हतं.

"मग यातला माझा रंग कुठला?" तिने विचारलं. प्रश्न तिला मजेशीर वाटला, पण टेगन हसली नाही.

"दोन गालांना दोन ट्यूबा लावून नाकावर मिसळता येतील. पण फोटोसाठी विचाराल, तर डावीकडचाच रंग उजवीकडे लावू. त्याच्याखाली थोडं पीच रंगाचं लावलं की ठिपके दबतील."

अर्ध्या तासाने तिने आरसा पुढे केला. नोलीनने तो जवळ धरला, लांब धरला, बाजूला धरला. काम सुरेख झालं होतं. नाही कसं म्हणणार? दोन्ही गाल जुळे दिसत होते. कातडीवर नुकतंच तोंड धुतल्यासारखी ओल होती. आरशातली बाई जन्मभर सावलीत बसून आलेली वाटत होती.

"ही तर माझी जीलाँगची बहीण," नोलीन म्हणाली. "बँकेत होती ती."

"आवडलं नाही का?"

"आवडलं की. म्हणूनच तर विचारतेय, ही कोण आली म्हणून." आणि तिने ट्यूब घेतली, पीचचीही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. सनस्क्रीन, दहा मिनिटं, पीच, मग ट्यूब. केस सेट केले, ओठांना रंग लावला, आणि टोपी मुद्दाम घरी ठेवून ती सायलोपाशी गेली. कापणी सुरू झाली होती. वजनकाट्यावर गव्हाचे ट्रक रांगेने उभे होते आणि हवेत भुसा उडत होता. डान्टे पेरोटा नावाचा चित्रकार मेलबर्नहून आला होता. बारीक दाढीचा, अबोल माणूस होता. तो एक डोळा मिटून भिंतीकडे बघत होता.

"थोडं थांबा, बाई. ऊन अजून त्या कडेवर यायचंय."

म्हणून ती थांबली. तेवढ्यात मर्व्ह लॉकेटचा ट्रक काट्यावर आला. मर्व्ह आणि केल्विन यांनी बावीस वर्षं एकाच मालकाकडे ट्रक हाकले होते. नोलीनने हसून त्याच्याकडे बघितलं. मर्व्हने परक्या बाईला करावी तशी अदबीने मान लववली, खाली उतरला आणि टोपी काढून जवळ आला.

"नमस्कार. तुम्ही मेलबर्नच्या का? ती बसवाली आली नाही अजून? आज तिचे फोटो होते ना?"

नोलीनला हसू फुटलं.

"मर्व्ह, गाढवा, मीच आहे."

मर्व्हने डोळे बारीक केले. ती बोलली तेव्हा त्याला पटलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"आयला, नोलीन! माफ कर. एवढ्या वर्षांत तुला मी खिडकीतच पाहिलेलं. ती खिडकीतली बाई..." त्याने स्वतःच्या उजव्या गालावर बोट फिरवलं, आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला म्हणून तो सुटला.

नोलीन तशीच उभी राहिली. डनमोरच्या पुलाअलीकडे रोज सकाळी आठ वीसला समोरून केल्विनचा ट्रक यायचा. तिची खिडकी आणि त्याची खिडकी हातभर अंतरावरून एकमेकींना ओलांडायच्या. या भागात समोरून येणाऱ्या कुणालाही, ओळखीचा असो नसो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवतात. केल्विनही तेवढंच उचलायचा. घरी नवरा आणि रस्त्यावर पावणा. एकदा तिने त्याला छेडलं होतं, "सगळा हात हलवलास तर झडेल का?" तर म्हणाला, "लोक काय म्हणतील!" पण एक दिवसही त्याचं ते बोट चुकलं नाही. तिचा उजवा गाल एकाच माणसाने रोज पाहिला होता. तो गाल कसा दिसत होता, हे तिला त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. आता फार वाटत होतं.

"ऊन आलं," डान्टे म्हणाला. "तुमच्या गावच्या समितीने सांगितलंय, डावी बाजू घ्या. बसा इथं."

"पाणी आहे का तुमच्याकडे? आणि एखादं फडकं?"

त्याने ब्रश पुसायचं स्वच्छ फडकं भिजवून दिलं. तिने उजवा गाल पुसला, एकदा, दोनदा, फडक्यावर पीच रंग उतरेपर्यंत. मग पर्समधून साधं सनस्क्रीन काढून त्याच गालावर भरपूर चोळलं. त्यात तिने हयगय केली नाही.

"ही बाजू घ्या," ती म्हणाली. "आणि फार तरुण करू नका."

डान्टेने कॅमेरा खाली घेतला. पहिल्यांदाच तो तिच्याकडे नीट बघत होता.

"हात कुठे असायचे तुमचे?"

तिने हवेतलं स्टिअरिंग धरलं. कोपर खिडकीत टेकवलं. आणि सवयीने, कुणी सांगितलं नसताना, तिचं एक बोट वर झालं.

एप्रिलमध्ये भिंत रंगायला लागली तेव्हा नोलीन बेंडिगोला चेरीकडे जाऊन राहिली. रोज तिथं उभं राहून आपलंच नाक रंगताना बघण्याचं धाडस तिच्यात नव्हतं. ट्यूब वाया गेली नाही. रविवारी नातीच्या नाटकाला जाताना तिने ती दोन्ही गालांना लावली, आणि चेरी म्हणाली, "आई, किती छान दिसतेस!" नोलीनलाही ते पटलं.

तिसऱ्या आठवड्यात टेगनचा फोन आला.

"झालं पूर्ण. खरं सांगू का, मिसेस पास्को? बसमधल्या आम्हा पोरांना तुम्ही ओळखूच आल्या नाहीत. माझा भाऊ विचारत होता, ही कुणाची आजी म्हणून. मेंढेवाला म्हणतोय, परत मतदान घ्या."

"आणि बाकीचे?"

"ट्रकवाल्यांचं विचारू नका. येता-जाता बोट उचलतात मेले. भिंतीला!"

नोलीन दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघाली. चेरीने विचारलं, एवढी घाई कशाला, तर तिने रस्त्यावर गर्दी नसते असं सांगितलं. ते खोटं होतं. तिला डनमोरच्या बाजूने गावात शिरायचं होतं, केल्विन यायचा त्या बाजूने, आणि आठ वीसला शिरायचं होतं.

पूल ओलांडला आणि कापलेल्या शेतांपलीकडे सायलो दिसला. आधी नुसता रंग दिसला, मग खिडकीची चौकट, मग त्या चौकटीत एक बाई. उन्हाने रापलेली, ठिपक्यांनी भरलेली, डोळ्याच्या कोपऱ्यातून कानापर्यंत रेषा गेलेली. गालावरची खोचही डान्टेने सोडली नव्हती. ती बाई समोरून येणाऱ्या कुणाला तरी बघून आता हसणार होती, ओठ त्या बेताला आलेले होते. वर्षानुवर्षं रोज सकाळी आपण असं बघत होतो केल्विनकडे, हे नोलीनला आज पहिल्यांदा दिसलं. त्याला तर रोज दिसत होतं.

भिंतीवरचं बोट तिच्यासाठी वर झालेलं होतं. नोलीनने गाडी हळू केली, सवयीने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. मग तिने खिडकीची काच खाली घेतली आणि उजवा हात कोपरापर्यंत बाहेर काढून सगळा हलवला. मागून मर्व्ह लॉकेटचा ट्रक येत होता, तो बघत होता. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.