मंगला गौरीच्या गल्लीतला समुद्र

मंगला गौरीच्या गल्लीत राहणाऱ्या ढुंढिराजशास्त्र्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जन्म काशीतला, वेदाध्ययन काशीत, आणि साठी उलटल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे आता मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. तेव्हा पुढेही समुद्र दिसायचा संभव नव्हता. त्याचं त्यांना फार वाईट वाटे असंही नाही. पण मुलाचं, वेणीमाधवाचं, लग्न रत्नागिरीच्या शरदिनीशी झालं आणि समुद्रच घरी राहायला आला.

वेणीमाधव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवी. एका दिवाळीला सासुरवाडीहून परतताना त्याने काचेची एक पेटी आणली. तिच्यात समुद्राचं पाणी, थोडी वाळू, खडकातल्या डबक्यात सापडलेले बोटभर लांबीचे दोन मासे, शंख पाठीवर घेऊन हिंडणारा एक खेकडा आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. त्याला फूल म्हणत, पण तो होता प्राणीच. मनात आलं की पाकळ्या पसरी, नाही आलं की मिटून चिंचोक्याएवढा होऊन बसे. पेटी कॉलेजात ठेवायची होती, पण तिथल्या गोऱ्या प्रिन्सिपॉलसाहेबांना प्राणी स्पिरिटात बुडवलेलेच आवडत, जिवंत नकोत. म्हणून ती घरी, माडीवरच्या खिडकीशी आली.

शरदिनीच्या सासूबाईंनी, अंबिकाबाईंनी, मासे पाहिले आणि हे खायचे तर नाहीत ना, एवढंच विचारलं. नाहीत म्हटल्यावर त्या स्वयंपाकघरात परतल्या. शास्त्रीबुवांनी मात्र नियम सांगितला. समुद्राला पर्वकाळावाचून स्पर्श करायचा नाही, दर्शन घ्यायला हरकत नाही. आणि दर्शन ते मनापासून घेत. पाठ आटोपला की पेटीपुढे पाट मांडून बसत. पाणी उडून जाई, मीठ मागे राही, म्हणून पेटीत रोज थोडं गोडं पाणी घालावं लागे. ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पहाटे पंचगंगा घाटावर स्नान करून येताना तांब्या भरून आणत, तो मातीच्या बोळक्यात ओतून ठेवत आणि बोळक्याने लांबूनच धार धरत. गंगा सागराला मिळते ती आमच्या माडीवर, असं ते घाटावरच्या लोकांना सांगत.

वर्षभरात पेटी अपुरी पडू लागली. मासे वाढले, पाणी गढूळ दिसू लागलं. वेणीमाधव सायकलच्या पंपाने पाण्यात हवा सोडी, तरी मासे वर येऊन तोंडं उघडत. अशात शरदिनीचा भाऊ विष्णु काशीयात्रेला निघाला. येताना त्याने समुद्राच्या पाण्याचे काचेचे मोठमोठे बुधले गवतात गुंडाळून आणले. लोक काशीहून गंगा घेऊन जातात, ई बाबू समुंदर लेके आए, असं म्हणत स्टेशनावरच्या हमालांनी ते बुधले हसत हसत एक्क्यावर चढवले.

वेणीमाधवाने नवी टाकी बनवून घेतली. लोखंडी चौकट, तळाला चुनारचा दगड, चारी बाजूंना जाड काचा, सांध्यांत जवसाच्या तेलात मळलेली, काचा बसवायची लांबी. खालच्या चौकात ठेवून तिच्यात गंगेचं पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही. मग ती रिकामी करून घाटावरच्या चार मल्लाहांनी, नावाड्यांनी, अरुंद जिन्यातून, भिंतींना घासत, एकदाची माडीवर चढवली.

मासे रविवारी हलवायचे ठरले. शास्त्रीबुवा म्हणाले, अमावास्येपर्यंत थांबा, तेव्हा पर्व असतं. वेणीमाधव म्हणाला, तोवर मासे थांबायचे नाहीत. पण रविवारी सकाळी शास्त्रीबुवांचा पाठ लवकर संपला, हे शरदिनीच्या लक्षात आलं.

नव्या टाकीत वाळू पसरली, दगड रचले, बुधले एकेक करून रिकामे केले. रबरी नळीने जुन्या पेटीतलं पाणी नव्या टाकीत येऊ लागलं. दोन्ही मासे नव्या टाकीत सोडले. ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पोहत गेले आणि शरदिनीला हसू आलं. एवढ्यात खालच्या बिऱ्हाडातल्या कालिंदीकाकूंचा आवाज आला. त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर छतातून पाणी पडत होतं.

जिन्यात खाल्लेल्या धक्क्यांनी मागचा सांधा सुटला होता. वेणीमाधवाने दोन्ही तळवे काचेवर दाबून धरले, तरी कडेने धार वाहातच होती. शरदिनी धावत जाऊन घागर घेऊन आली.

"तांब्यापितळेचं काही नको," वेणीमाधव म्हणाला. "तांबं यांना विष आहे. चिनी मातीचं आण, काचेचं आण."

शास्त्र्यांच्या घरात घागर, पातेली, परात, पळी, सगळं तांब्यापितळेचं. चिनी मातीच्या होत्या त्या अंबिकाबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, आणि त्यांना सुनेनेसुद्धा हात लावायचा नाही असा दंडक. शरदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. अंबिकाबाईंनी वरची आरडाओरड ऐकलीच होती. त्यांनी आवळ्याचं लोणचं थाळीत उपसलं, बरणी राखेने घासून गरम पाण्याने विसळली आणि सुनेच्या हातात दिली. मग दुसरी. भांडायला म्हणून वर आलेल्या कालिंदीकाकूंनी एकदा टाकीकडे पाहिलं, पदर खोचला आणि खाली जाऊन स्वतःच्या बरण्या आणल्या. थोड्या वेळात शेजारपाजारहून बरण्या, कोरी मडकी, एक कुंडा असं काय काय जिन्यात येऊन पोचलं. कोणी विचारी, क्या हुआ, तर काकू सांगत की शास्त्रीजींचा समुद्र फुटला.

पाणी बरण्यांत भरलं, मासे त्यांच्यात गेले. पण जुन्या पेटीतली नळी तशीच चालू राहिली होती. तिकडे पाणी तळाला लागलं होतं, खेकडा कोरड्या वाळूवर तडफडत होता आणि समुद्रफूल मिटून दगडाला धरून होतं. वेणीमाधवाला काचेवरचे हात काढता येत नव्हते. शरदिनीच्या दोन्ही हातांत भरलेली बरणी होती. पेटीजवळ होते फक्त शास्त्रीबुवा.

त्यांनी उपरणं बाजूला ठेवलं. क्षणभर थांबले. मग दोन्ही हात पेटीत घालून समुद्रफुलासकट दगड उचलला आणि शेजारच्या कुंड्यात अलगद सोडला. पुन्हा वाकून ओंजळीत खेकडा घेतला. खेकड्याने त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढला, तरी त्यांनी तो टाकला नाही.

शरदिनी हळूच म्हणाली, "मामंजी, आज पर्व नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "करीन प्रायश्चित्त. याला अमावास्येपर्यंत वाळूत कसं ठेवणार?"

हात पुसायला तिने पंचा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. ओलं बोट जिभेला लावलं आणि डोळे बारीक केले.

"हे नुसतं खारट नाही. मागे कडवटपणा आहे. सगळा असाच असतो?"

"सगळा. क्षितिजापर्यंत," शरदिनी म्हणाली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती सासऱ्यांपुढे बसून बोलत राहिली. भरतीला पाणी घराच्या आवाराशी कसं येतं, ओहोटीला खडकांत डबकी कशी राहतात, रात्री अंथरुणात गाज कशी ऐकू येते. ते मधूनमधून एखादा प्रश्न विचारत. वेणीमाधव तोवर मेण वितळवून सांधा बुजवत होता आणि काकू पापड कोण भरून देणार, ते अंबिकाबाईंना विचारत होत्या.

पुढचे काही दिवस घरभर समुद्र वाटला गेला. एक मासा देवघराच्या कोनाड्याखाली, एक अंबिकाबाईंच्या चुलीपासून दूर, जिथे त्यांची नजर राहील अशा जागी. सायकलचा पंप बरणीबरणीतून फिरे. वेणीमाधवाने सांधे खरवडून नव्याने लांबी भरली, ती पुरती सुकू दिली, मग टाकी जागेवरच गंगेच्या पाण्याने भरून पाहिली. या खेपेला ती टिकली. ती उपसून समुद्राचं पाणी आणि जीव परत तिच्यात आले.

समुद्रफूल मात्र मिटलेलंच राहिलं. वेणीमाधवाने मनातून त्याची आशा सोडली होती, तरी वडिलांना तसं सांगायला त्याचं तोंड उघडेना.

एका दुपारी शास्त्रीबुवांचे विद्यार्थी खाली पोथ्या उघडून वाट पाहात होते. गुरुजी येईनात. शरदिनी बोलवायला वर गेली, तर ते टाकीपुढे पाटावर बसलेले, आणि दगडावर तांबूस पाकळ्या पूर्ण पसरून फूल डुलत होतं.

"मुलांना वर पाठव," ते मागे न बघता म्हणाले. "आणि मुली, तूही थांब. भरती-ओहोटीचं त्यांना तूच सांग, मला नीट जमायचं नाही."

विद्यार्थी जिन्यावरून धडधडत वर आले आणि टाकीभोवती दाटीवाटीने बसले. शरदिनीने पदर सावरला, थोडी घुटमळली, आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सांगायला लागली.